ज्युलियसचे तीस घोडे

वसईजवळच्या गिरीजमध्ये एखाद्या घराची बेल दाबल्यावर आतला टीव्ही बंद पडला, तर ते घर ज्युलियस तुस्कानोचं, असं डोळे मिटून समजावं. त्यात बेलचा दोष नाही आणि टीव्हीचा तर नाहीच. दोन्ही वस्तू दुकानातून आल्या तेव्हा धडधाकट होत्या. पण दुकानातून आलेली वस्तू म्हणजे कंपनीने कंटाळून अर्धवट सोडलेली वस्तू, असं ज्युलियसचं पक्कं मत. ती घरात आली की पहिल्या रविवारी मिस्साहून परतल्यावर, अंगातला चर्चचा शर्टही न काढता, तो स्क्रूड्रायव्हर घेऊन बसणार. मिक्सरचा वेग त्याने असा वाढवला की बायकोची, म्हणजे क्लाराची, हिरवी चटणी छताला लागली. तो डाग अजून आहे, पाहुण्यांना दाखवतात. शिलाई मशीनला मोटर बसवली, तेव्हा मुलीच्या, कॅरलच्या, युनिफॉर्मला एका दमात कॉलरपासून खिशापर्यंत शिवण पडली आणि पोर त्या दिवशी नाताळच्या फ्रॉकमध्ये शाळेत गेली.

माणूस कामाचा, हे मात्र कबूल करायला हवं. आयटीआय केलेला, भांडुपच्या एका कारखान्यात बावीस वर्षं प्रेशर मोजायचे गेज दुरुस्त करत बसलेला. तिथे सगळं ड्रॉइंगबरहुकूम. काटा जिथे थांबायला सांगितलाय तिथेच थांबला पाहिजे, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. बावीस वर्षं ज्युलियसचे हात शिवशिवले आणि बावीस वर्षं त्याने ते रविवारपर्यंत दाबून धरले. २००३ साली कारखान्याने व्हीआरएस दिली आणि ते हात मोकाट सुटले.

मग त्याला घरात बसवेना. पहाटे पाचला उठून वाडीत जाई, केळींमधून एक चक्कर मारून परत येई, चहा अर्धा पिऊन गेटपर्यंत जाई, गेटच्या कडीला तेल घाली, पुन्हा आत येऊन उरलेला चहा गार झाला म्हणून कुरकुरे. क्लारा पापडीच्या शाळेत गणित शिकवायची. फळ्यावर लिहिल्यासारखं मोजकं आणि सरळ रेषेत बोलायची.

"ज्युलियस, तू बस रे कुठेतरी. तुला बघून माझे पाय दुखायला लागलेत."

तो बसला तो थेट गाडीत. २००५च्या पावसाळ्यानंतर त्याने वांद्र्याच्या एका डॉक्टरकडून बारा वर्षं जुनी जपानी स्पोर्ट्‌स कार आणली. लालभडक, दोन दारांची, टर्बोवाली, जमिनीला इतकी चिकटलेली की शेजारचं मांजर तिच्याखाली शिरताना विचार करायचं. गाडी दारात उभी राहिली तसे ज्युलियसचे वडील बॅप्टिस्ट वाडीतून बाहेर आले, हातातला कोयता न ठेवता तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "दोनच दारं? बाकीची दोन रस्त्यात पडली काय?"

"बाबा, ही स्पोर्ट्‌स गाडी आहे."

"मग खेळायला जागा कुठेय?"

जागेचाच प्रश्न होता. गिरीजपासून निर्मळपर्यंतच्या रस्त्यावर तेव्हा बावीस गतिरोधक होते. ही मोजदाद ज्युलियसचीच. प्रत्येकावर गाडीचं पोट घासायचं. म्हणून त्याने डिकीत दोन फळ्या ठेवल्या होत्या. गतिरोधक आला की उतरायचं, चाकांपुढे फळ्या लावायच्या, गाडी हळूच वर चढवायची, फळ्या उचलायच्या, पुन्हा बसायचं. सायकलवरून पाव विकणारी माणसं त्याला घंटी वाजवून पुढे जात.

दुसरा कुणी असता तर एवढ्यावर समाधानाने विकून मोकळा झाला असता. ज्युलियसला वाटलं, गाडीत ताकद कमी आहे.

हे त्याच्या डोक्यात भरलं ते एका मासिकातून, आणि मग झोप उडाली. गाडीच्या इंजिनाला म्हणे एक कॉम्प्युटर असतो. कधी किती पेट्रोल सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, टर्बोने हवा किती कोंबायची, हे सगळं तो ठरवतो. त्याच्या पोटात एक चिप असते आणि चिपमध्ये कंपनीने लिहून ठेवलेलं कोष्टक. ते कोष्टक बदललं की तेच इंजिन, तेच नटबोल्ट, पण ताकद वाढलेली. ज्युलियस जेवताना घास हातात धरून बसायचा. कोष्टक! म्हणजे इथेही ड्रॉइंगबरहुकूम! बॉनेटच्या खाली भांडुपचा कारखाना बसलाय आणि आपण बाहेरून नुसते काचा पुसतोय!

मार्चमधल्या एका मंगळवारी, बाबांची दाढ दाखवायला मालाडला नेतो असं घरी सांगून, तो निघाला. बाबांना खरंच दाढदुखी होती, त्यामुळे खोटं बोलल्याचं पाप अर्धंच लागलं. मालाडला एका गाळ्यात केविन नावाचा, तिशीही न गाठलेला माणूस लॅपटॉप घेऊन बसायचा. त्याने गाडी दोन मोठ्या फिरत्या रुळांवर चढवली, पट्ट्यांनी बांधली आणि जागच्या जागी पळवली. गाडी किंचाळत होती आणि तसूभर पुढे जात नव्हती. बाबा कानांवर हात धरून म्हणाले, "ज्युलियस, ही तुझ्यासारखीच आहे रे."

मग केविनने सीटच्या पुढची पत्र्याची पेटी उघडली, आतून काळ्या गोमेसारखी अठ्ठावीस पायांची चिप उपटली आणि तिच्या जागी दुसरी बसवली. जुनी चिप फिल्मच्या रिकाम्या डबीत घालून ज्युलियसच्या हातात दिली. "जपून ठेवा अंकल. कंपनीची आहे." पुन्हा गाडी पळवली. स्क्रीनवर दोन रेषा आल्या, निळी खाली आणि लाल वर.

"तीस घोडे वाढले," केविन म्हणाला.

बाबा पुढे वाकले. "आले कुठून?"

"आतच होते, आजोबा. कंपनीने बांधून ठेवले होते."

"का? कंपनी खुळी आहे?"

केविन हसला, पण माणूस प्रामाणिक होता. "खुळी नाही. कंपनीला माहीत नसतं ना गाडी कुठल्या गावात जाणार, कसलं पेट्रोल पिणार. कुठेही गेली तरी चालावी म्हणून थोडी ताकद हातची राखून ठेवतात. मी ती राखलेली काढून दिली. म्हणून अंकल, एक लक्षात ठेवा, याच्यापुढे सत्त्याण्णव ऑक्टेनचंच पेट्रोल घालायचं. साधं घातलं तर आतला स्फोट वेळेआधी होतो, इंजिन खडखडतं. कॉम्प्युटरला ते ऐकू जातं. मग तो घाबरून गाडीला लंगडी घालायला लावतो."

"केळीचा घड मोठा आला की टेकू द्यावा लागतो, नाही तर झाडच आडवं होतं," बाबा म्हणाले. "म्हणजे हे पेट्रोल तुमचा टेकू."

"करेक्ट, आजोबा."

बाबांना सगळं कळलं होतं. पुढे जे झालं ते बघता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

घरी क्लाराने सासऱ्यांचा गाल बघितला. दाढ होती तिथेच, सूजही होती तिथेच. तिने एकही प्रश्न विचारला नाही. नुसती भाकरी थापत राहिली. अर्ध्या मिनिटात ज्युलियसने स्वतःहून सगळं ओकलं. तीस घोडे, लाल रेष, ऑक्टेन.

"छान," क्लारा म्हणाली. "आता ऐक. एकोणतीस एप्रिलला कॅरलचं लग्न. मिस्सा साडेचारला, नंदाखालला. फादर घड्याळाचे पक्के आहेत, मागच्या महिन्यात नवरी उशिरा आली तर त्यांनी प्रवचन तिच्यावरच केलं. कॅरलला तू तुझ्या गाडीतून न्यायची. साडेचारच्या आत चर्चच्या पायरीशी उतरली, तर गाडी राहील आणि मी जन्मात तिच्याबद्दल बोलणार नाही. नाही उतरली, तर सोमवारी गाडी विकायची. कबूल?"

"आठ किलोमीटर?" ज्युलियस हसला. "क्लारा, ही गाडी आठ किलोमीटर—"

"कबूल की नाही ते सांग."

"कबूल!"

(हे सगळं बोलणं त्यांच्या घरच्या बोलीत झालं. विरारच्या नव्या फ्लॅटांतल्या वाचकांना कळावं म्हणून सरळ करून लिहिलंय. मूळ ऐकलं असतंत तर जास्त हसला असतात.)

सत्त्याण्णवचं पेट्रोल वसईत मिळत नव्हतं. मुंबईत दोन-चार पंपांवर मिळायचं. गाडी तिकडे नेऊन टाकी भरावी, तर घरी येईपर्यंत काटा खाली आलेला. म्हणून ज्युलियसने दोन मोठे कॅन भरून आणले आणि लग्नासाठी राखून ठेवले. घरात पेट्रोल ठेवायचं नाही, असा क्लाराचा हुकूम सुटला. तेव्हा कॅन गेले वाडीतल्या विहिरीजवळच्या पंपाच्या खोलीत. झाकणांवर त्याने लाल चिकटपट्टी गुंडाळली. दिवसातून तीनदा जाऊन बघायचा. अंडी उबवणारी कोंबडीही एवढी उठबस करत नाही.

लग्नाच्या आठवड्यात मात्र त्याला मांडव, खुर्च्या, बँड आणि कॅरलचे रुसवे यांतून वाडीत जायला सवड झाली नाही. नेमका तोच आठवडा लोडशेडिंगचा. सकाळी वीज नाही, दुपारी नाही, आली तर व्होल्टेज असं की मोटर नुसती गुरगुरायची. एप्रिलचं ऊन, केळी घडावर आलेल्या. बाबांकडे जुनं छोटं इंजिन होतं, एरवी रॉकेलवर चालायचं, पण रॉकेल संपलेलं. आणि समोर दोन कॅन.

बाबांनी एक कॅन उघडला. चार दिवसांत तो संपला, पण केळींना पाणी मिळालं. आता बॅप्टिस्ट तुस्कानो हा उसनं बुडवणारा माणूस नव्हे. गिरीजच्या वाड्यांमध्ये शेजाऱ्याकडून पायलीभर तांदूळ आणले तर परत देताना वर मूठभर जास्त घालून द्यायचे, ही रीत. म्हणून शुक्रवारी बाबा सायकलला कॅन बांधून वसईच्या पंपावर गेले, भरून आणला, वर अर्धा लिटर जादा घातलं आणि लाल चिकटपट्टी होती तशी गुंडाळून ठेवली. मालाडला स्वतःच सांगितलेला टेकू त्यांना त्या दिवशी आठवला नाही. तांदळाच्या जागी तांदूळ, पेट्रोलच्या जागी पेट्रोल. मनावरचं ओझं उतरलं म्हणून रात्री त्यांना झोपही छान लागली.

शनिवारी सकाळी ज्युलियसने तोच कॅन पहिल्यांदा उचलला. टाकी जवळजवळ रिकामी केली होती, साधं काही उरू नये म्हणून. कॅन ओतला, टोपण लावलं, टाकीवर क्रूसाची खूण केली.

दुपारी तीनला निघायचं ठरलेलं. साडेतीन वाजले तरी व्हिडिओवाला कॅरलला आरशात बघायला लावत होता. मग अंगणात प्रार्थना, आशीर्वाद, मग आत्याला रडू आलं, आत्याचं बघून मावशीला. फेबियनच्या बँडने घरापासून गावातल्या क्रूसापर्यंत वाजवत नेलं, त्याच्या मागे लाल गाडी, माणसाच्या चालीने. ज्युलियसचा पाय पेडलवर शिवशिवत होता. पुढे ढोल, मागे वऱ्हाड, शेजारच्या सीटवर कॅरल आणि तिच्या झग्याचा घोळ गिअरपर्यंत आलेला. मागच्या सीटवर, जिथे कंपनीने फक्त शोभेपुरती जागा ठेवली होती तिथे, क्लारा आडवी बसून गुडघ्यांत पुष्पगुच्छ धरून होती.

क्रूसाशी बँड थांबला तेव्हा घड्याळात चार वाजून सात मिनिटं.

"उशीर झालाय का, डॅडी?" कॅरलने विचारलं.

"झालाय ना!" ज्युलियसचा चेहरा उजळला. माणसाला आपल्या मुलीच्या लग्नाला उशीर झाल्याचा एवढा आनंद झालेला गिरीजने पाहिला नव्हता. वेळेवर निघाला असता तर तीस घोड्यांचा उपयोग काय? फळ्या लावायला बेसिल नावाचा भाचा स्कूटरवर पुढे ठेवला होता. तो प्रत्येक गतिरोधकावर फळ्या टाकी, गाडी गेली की उचलून पुढे धावे. भुईगाव गेलं. मग पुढे एक सरळ, मोकळा, गुळगुळीत तुकडा आला. चार वाजून सतरा.

ज्युलियसने पाय दाबला.

एक क्षण, अगदी एकच क्षण, गाडी अशी उसळली की क्लारा पुष्पगुच्छासकट मागे गेली आणि कॅरलच्या तोंडून "जेजू!" निघालं. ज्युलियस हसला. आणि बॉनेटखालून डब्यात खडे घालून हलवल्यासारखा आवाज आला. खडखड, खडखड. समोर पिवळा दिवा लागला. गाडीतला जीवच गेला. ज्युलियसने पेडल जमिनीला टेकवलं. गाडी सायकलच्या वेगाने चालत राहिली. सोडलं, पुन्हा दाबलं. तेच. किल्ली बंद करून चालू केली. चढावर पुन्हा खडखड, पुन्हा दिवा. लंगडी.

पावाची एक सायकल घंटी वाजवून पुढे गेली.

चार वाजून बावीस. ज्युलियसच्या कपाळावरचा घाम टायवर ठिबकत होता. त्याचे हात स्टिअरिंगवरून गिअरवर, गिअरवरून दिव्यावर, दिव्यावरून पुन्हा स्टिअरिंगवर. बॉनेट उघडावं का? पाच मिनिटं दिली तर कळेल. पाचच. दिव्याचं कनेक्शन काढलं तर? जुनी चिप घरी कपाटात. तो मनात चिपपासून पेट्रोलपर्यंत आणि पेट्रोलपासून चिपपर्यंत धावत होता आणि गाडी जागच्या जागी असल्यासारखी. मालाडला रुळांवर होती तशी.

मागे क्लारा नुसती घड्याळ बघत होती. तेच जास्त भयंकर होतं.

कॅरलने झग्याचा घोळ मुठीत धरला होता. "डॅडी," ती हळू म्हणाली, "मी पोचेन ना?"

तेवढ्यात मागून भोंगा वाजला. फेबियनच्या बँडचा टेम्पो, मागे दहा-बारा माणसं, ढोल आणि पितळी वाद्यं. ते गिरीजचं वाजवून नंदाखालला निघाले होते, नवरी चर्चबाहेर येईल तेव्हा वाजवायला. फेबियनने खिडकीतून डोकं काढलं. "काय ज्युलियस, इथूनच वरात काढलीस? वाजवू काय?"

ज्युलियसला समोर दोन रस्ते दिसत होते. असंच रखडत गेलं तर पावणेपाच होतील. पण गाडीतून पोचू, आणि क्लाराला पंधरा मिनिटांसाठी कुठेतरी समजावता येईल. थांबलं, तर गाडी गेली. पैज त्याच्याच तोंडच्या कबुलीने हरली. त्याने एकदा समोरच्या दिव्याकडे बघितलं, एकदा कॅरलच्या मुठीकडे.

त्याने ब्रेक लावला, दार उघडलं आणि रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"फेबियन, उतर! पुढची सीट रिकामी कर! नवरी बसायचीय!"

"टेम्पोत? बाय, तुझा झगा—"

"झगा राहू दे! चढ, कॅरल!"

कॅरल पुढे, क्लारा तिच्या शेजारी, फेबियन मागे. लाल गाडी ज्युलियसने कडेला एका बांधाशी लावली, किल्ली बेसिलच्या हातात कोंबली आणि टेम्पोच्या मागे चढला. बसायला जागा नव्हती. मोठ्या ढोलाला मिठी मारून, कोट घातलेला नवरीचा बाप उभा. गतिरोधक आले तसे टेम्पोने ते उड्या मारून पार केले. फळ्या नाहीत, काही नाही. प्रत्येक उडीला ढोल ज्युलियसच्या पोटात वाजत होता.

चार एकोणतीसला टेम्पो चर्चच्या पायरीशी थांबला. फादर दारात घड्याळ बघत उभे होते. त्यांनी टेम्पो बघितला, नवरी बघितली, मागून ढोलासकट उतरणारा ज्युलियस बघितला आणि बाजूला होऊन वाट दिली. प्रवचनात उशिराचा विषय निघाला नाही.

रविवारी दुपारी बाबांनी स्वतःहून विषय काढला. जेवणावर सगळे गाडीच्या लंगडीची चर्चा करत होते, तेव्हा ते म्हणाले, "पेट्रोलची तरी कमी नव्हती. मी वर अर्धा लिटर जादाच घातलं होतं."

पंगत थांबली. ज्युलियस उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. "म्हणजे चिप बरोबर होती! क्लारा, ऐकलंस? चिपमध्ये काही दोष नाही! साधं पेट्रोल पडलं म्हणून—"

"टेकू!" बाबांनी कपाळावर हात मारला. "अरे, टेकूच विसरलो!"

"म्हणजे पैज धरायची नाही! क्लारा, तूच सांग, गणिताने सांग."

क्लाराने ताटातला मासा नीट सोलला. "गणिताने सांगते. ज्या गाडीला गिरीजचं पेट्रोल चालत नाही, गिरीजचा रस्ता चालत नाही, ती गिरीजमध्ये तीस घोडे घेऊन काय करणार? बांधूनच ठेवणार ना? मग कंपनीने बांधले होते तेच बरे होते."

ज्युलियस वाडीच्या दिशेने बघू लागला.

"आता दुसरं," ती म्हणाली. "तू काल थांबलास. मी सांगायच्या आधी. म्हणून विकू नकोस. ठेव गाडी."

ज्युलियसला खरं वाटेना.

"पण जुनी चिप घालायची. आणि मग बॉनेट उघडायचं नाही. आहे तशी चालवायची. नुसती चालवायची."

त्याने तसंच केलं. डबीतली गोम परत बसवली, बॉनेट बंद केलं. आणि गाडी सुंदर चालायला लागली. साधं पेट्रोल पिऊन, कुरकुर न करता, सकाळी एका किल्लीत चालू. संध्याकाळी तो क्लाराला पाचूबंदरला मासळी आणायला घेऊन जाई. काहीही बिघडत नसे. पहिला आठवडा त्याने कौतुक केलं. दुसऱ्या आठवड्यात तो गाडीत बसून नुसता ऐकत राहायचा, काही खडखडतंय का. तिसऱ्या आठवड्यात क्लाराने त्याला अंगणात गाडीसमोर खुर्ची टाकून बसलेला बघितला. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. पाऊस आला तेव्हाही तो छत्री घेऊन तिथेच.

ऑगस्टमध्ये त्याने ती स्वतःच विकली. कुणी सांगितलं नाही, कुणी पैज लावली नाही. घेणारा माणूस गाडी घेऊन गेला त्या संध्याकाळी ज्युलियस विरारहून एक जीप घेऊन आला. ओढून, दोरखंडाने, एका ट्रॅक्टरच्या मागून. रंग कोणता हे ओळखता येत नव्हतं, चार गिअरांपैकी दोनच पडत होते आणि छताच्या जागी ताडपत्री. बाबांनी कोयता हातात घेऊनच फेरी मारली आणि म्हणाले, "हिला दारं तरी आहेत का?"

त्यानंतर गिरीजने ज्युलियसला फारसं पाहिलंच नाही. दिसायचे ते त्याचे पाय, जीपखालून बाहेर आलेले. सकाळी पाय, दुपारी पाय. आतून शिट्टी ऐकू यायची.

सप्टेंबरच्या एका सकाळी क्लारा शाळेत जाता जाता थांबली, वाकून चहाचा कप पायांशी ठेवला आणि विचारलं, "कधी चालू होणार ही?"

खालची शिट्टी थांबली. मग काळपट हात बाहेर आला, कप चाचपून उचलला, आणि आतून ज्युलियस म्हणाला, "घाई काय आहे? चालू झाली तर मग मी काय करू?"